वायंगणात उतरताय? आधी पायांचं बघा

वायंगण म्हणजे पावसाळा संपल्यावर, थंडीच्या दिवसांत पाणी देऊन घेतलेलं भात. आता गोव्यात थंडी ती कसली, पणजीत डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान २० अंशांच्या आसपास असतं, सत्तरी तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी त्याहून थोडं खाली, त्यामुळे पाय गरम ठेवा म्हटलं की लोक म्हणतात हे काश्मीरवाल्यांना जाऊन सांग. पण सकाळी सातला कालव्याचं पाणी घेतलेल्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, पोटरीभर चिखलात उभं राहून तरवा (भाताची रोपं) लावायला लागा, थोड्या वेळातच बोटं बधीर व्हायला लागतात आणि अकराला बाहेर येता तेव्हा तळव्याची कातडी पांढरी सुरकुतलेली, बांधावरच्या साध्या खड्यानेही कापेल इतकी मऊ झालेली असते. कारण काय तर पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं. म्हणजे हवा कितीही बरी असू दे, ओला पाय तो थंडच.

मी पेडण्याकडची, अकरा वर्षं झाली वायंगण करतेय, त्याआधी ऑफिसात होते. यंदा आमच्या वाड्यावरच्या तीन घरांतली पोरं नोकरी सांभाळून किंवा सोडून परत शेतात उतरलीत, बरं वाटतं बघून, आणि प्रत्येकजण येऊन पहिलं हेच विचारतो, "ताई, गमबूट कुठले घेऊ?" गमबुटाचं सांगतेच, पण त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. वायंगणात पाय भिजणारच, ते कुणाला चुकत नाही, पाय बिघडतात ते भिजलेले सुकवायचे राहून जातात म्हणून. रोज रात्री सात-आठ तास पाय पूर्ण कोरडे राहिले तर दिवसाचं भिजणं शरीर भरून काढतं. सलग दोन-तीन दिवस ओले राहिले तर नाही काढत.

ही आमच्याकडचीच गोष्ट नाही बरं का. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या थंड पाण्यात उभं राहून हजारो सैनिकांचे पाय सडले, आणि पुढे व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैनिकांचे पाय आपल्यासारख्याच भातशेतीच्या कोमट पाण्यात बिघडले. म्हणजे बर्फ लागतच नाही, सतत ओल पुरते. खंदकातल्या सैनिकांना जोड्या लावून दिलेल्या असायच्या, रोज एकाने दुसऱ्याचे पाय तपासायचे. मला ही पद्धत फार पटली, आमच्या लावणीच्या ओळीत मी आणि माझी जाऊ एकमेकींचे पाय बघतो, कारण स्वतःच्या करंगळीच्या खालची बाजू वाकून कोण बघतंय हो दमल्यावर.

आदल्या दिवशीची तयारी

गमबूट गुडघ्याच्या जरा खालपर्यंत येणारे घ्या, घोट्यावर संपणारे घेऊ नका. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा शेती-अवजारांच्या दुकानात साधे पीव्हीसीचे मिळतात, सुरुवातीला तेवढे पुरे. घ्यायला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजतात म्हणून सकाळी बरोबर बसलेला बूट दुपारी आवळतो, आणि जे मोजे घालणार तेच घालून मापाला बघा. आत बोटं हलली पाहिजेत. आवळलेल्या बुटात रक्त नीट फिरत नाही आणि मग मोजा कितीही जाड असू दे पाय गार तो गारच. पण एकदम ढगळही नको, चिखल बूट धरून ठेवतो आणि तुमचा पाय तेवढा वर येतो, पहिल्या आठवड्यात हे होतंच प्रत्येकाचं.

नवीन असो जुना असो, बूट गळतो का ते घरीच बघा. रात्री अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च लावा, कुठे उजेडाचा ठिपका दिसला तर तिथे भोक. घोट्याच्या घडीवर आणि तळ जिथे चिकटवलेला असतो तिथे नीट बघा, बहुतेक तिथूनच जातात.

मोजे सुती नकोत. सुती मोजा एकदा भिजला की दिवसभर ओला कपडा पायाला गुंडाळल्यासारखं होतं. लोकर मिसळलेले पातळ मोजे मिळाले तर उत्तम, लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास ओलावा पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, शिवाय भिजली तरी बऱ्यापैकी ऊब देते. नाहीतर खेळाचे पॉलिएस्टरवाले चालतील, लवकर वाळतात. तीन जोड लागतात, एक पायात, एक सोबत, एक दोरीवर. सोबतचा जोड श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात झाकण लावून न्या, प्लास्टिकच्या पिशवीत नेला तर पाणी जातंच कुठूनतरी. डब्यात एक जुन्या सुती लुगड्याचा किंवा लुंगीचा फाडलेला तुकडाही टाका, त्याचं पुढे सांगते.

सकाळी निघताना

बूट घालायच्या आधी उलटा करून जमिनीवर दोनदा आपटा, रोज, न चुकता. विंचू, गोम, काहीही बसलेलं असू शकतं. आणि थंडीचे हे महिने घोणशीच्या मिलनाचे, त्यात भातात उंदीर असतात म्हणून ती येतेच, तेव्हा अंधारात बांधावरून जाताना पायात उंच बूट आणि हातात टॉर्च पाहिजेच. माझ्या दृष्टीने गमबुटाचा हा उपयोग पाय कोरडे ठेवण्यापेक्षाही मोठा.

पाय गरम ठेवायचे तर अंग गरम पाहिजे. शरीराला थंडी वाजली की ते पहिलं हातापायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसून घेतं आणि पोटा-छातीतली ऊब राखतं, म्हणून पाय गार पडले तर नुसता मोजा बदलून भागत नाही. सकाळी डोक्याला कापड, अंगात जुना स्वेटर आणि पोटात काहीतरी गरम घालून निघा. नऊनंतर ऊन चढतं तेव्हा काढा खुशाल.

आता चिखल खूप खोल असेल तर गमबुटाचा हट्ट धरू नका. बुटाच्या काठावरून पाणी एकदा आत गेलं की तुम्ही दोन बादल्या पायात घालून चालताय असं होतं, त्यापेक्षा अनवाणी बरं. लावणी करणाऱ्या आमच्या बहुतेक बायका अनवाणीच उतरतात. भातशेतीसाठी मऊ रबराचे, पोटरीला घट्ट बसणारे लांब बूटही ऑनलाइन मिळतात, चिखल ते ओढून घेत नाही, मी गेली दोन वर्षं तेच वापरतेय आणि ज्यांना जमेल त्यांनी घ्यावेत असं माझं मत आहे. अनवाणी उतरायचं असेल तर आधी तळव्याला, बोटांच्या बेचक्यात आणि घोट्याच्या वरपर्यंत खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली चांगली जाड लावा, नुसता हात फिरवून नाही. सासूबाई खोबरेलात हळद घालून लावायच्या. त्याने पाणी पूर्ण अडत नाही पण कातडी भिजायला वेळ लागतो. पायाला कुठे चीर किंवा जखम असेल त्या दिवशी मात्र अनवाणी उतरायचं नाही, का ते पुढे लेप्टोच्या (उंदरांमुळे होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाच्या) ठिकाणी सांगते. आणि खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या शेतात, जिथे खाऱ्या पाण्यात कालवांच्या शिंपल्या असतात तिथे तर कधीच नाही, त्या ब्लेडसारख्या कापतात.

शेतात

पहाटे गेल्या गेल्या पाण्यात उतरायची घाई नको. पहिला तास-दीड तास कोरड्यावरची कामं काढा, मेर म्हणजे बांध साफ करणं, जुड्या वाहून आणणं, पाटाची तोंडं बघणं. ऊन चढलं की पाण्यात उतरा. सलग दोन तासांवर पाण्यात राहू नका, नंतर अर्धा तास बांधावरचं काम घ्या आणि परत उतरा. चारजण असाल तर आळीपाळीने सहज जमतं.

दहाच्या सुमाराला पेज असतेच, ती वेळ पायांची. बांधावर बसलात की पहिलं बूट मोजे काढा, पाय पुसा, उन्हात पसरा आणि मग पेजेला हात लावा. पेज जेवून होईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं पाय सुकतात, मग डब्यातला कोरडा मोजा. पुष्कळजण म्हणतात बुटात पाणी गेलंच नाही, मग काढायचे कशाला. गेलं नसेल, पण दोन्ही तळव्यांत मिळून साधारण अडीच लाख घामाच्या ग्रंथी असतात आणि पीव्हीसीतून घाम बाहेर जायला वाटच नाही, म्हणून बाहेरचं पाणी न लागताही मोजा पिळण्याइतका ओला होतो. काढून बघा एकदा.

बाहेर आल्यावर

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त टाळलं जातं ते हेच. काम संपलं की चिखलाच्या पायांनी तसंच स्कूटरवर बसून घरी जाऊ नका. ओल्या पायाला वारा लागला की पाणी उडून जाताना अंगातली ऊब घेऊन जातं, दहा मिनिटांच्या रस्त्यात पाय असे गार पडतात की घरी आल्यावर उंबरठा जाणवत नाही. शेतावरच स्वच्छ पाण्याने धुवा, पुसा, कोरडी चप्पल घाला आणि मग निघा.

घरी आल्यावर साबण लावून परत धुवायचे. आता तो डब्यातला कपड्याचा तुकडा. टॉवेलने पाय पुसले की वरून कोरडे दिसतात पण बेचक्यात ओल तशीच राहते, म्हणून दोन बोटं रुंद पट्टी फाडायची, ती बोटांच्या मधून घालून चपला शिवताना दोरा ओढतात तशी पुढे-मागे ओढायची, चारही बेचके, दोन्ही पाय. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची बेचकी सर्वात चिंचोळी, बिघाड सुरू होतो तो बहुतेक तिथूनच. बोटं फाकवून उजेडात बघा. कातडी गुलाबी, कोरडी असली तर ठीक. पांढरी, ओलसर आणि भिजत घातलेल्या वालाची साल दाबल्यावर सुटते तशी सुटायला लागली, वास आला, खाज आली, की चिखल्या सुरू झाल्या समजा.

पाय बधीर झाले असतील तर चुलीसमोर धरू नका आणि कढत पाण्यातही घालू नका, बधीर पायाला भाजलेलं कळत नाही. कोमट पाणी, कोपर बुडवून बघितलेलं, आणि मग कोरडे मोजे.

बुटांचं

आतले तळवे रोज काढून वेगळे वाळवा, ते आत ठेवले तर बूट चार दिवस वाळणार नाही. बुटात जुन्या पेपरचे बोळे कोंबा, तास-दोन तासांनी बदला, मग दोन काठ्या जमिनीत रोवून त्यांच्यावर उलटे अडकवा म्हणजे खालून हवा जाते. चुलीवर किंवा भर उन्हात ठेवलात तर पीव्हीसी कडक होऊन घोट्याच्या घडीवर चिरतं. दोन जोड परवडत असतील तर एक दिवसाआड वापरा.

रात्री

झोपताना पाय उघडे, कोरडे. थंडी वाजली तर कोरडे सैल मोजे घाला, पण पाय ओलसर असताना नाही. पावडर बेचक्यात थोडीशी, आणि तेल लावलं असेल तर पावडर नको, दोन्ही मिळून लगदा होतो आणि तो ओल धरून ठेवतो.

टाचांना भेगा पडल्या असतील तर भिरंडेल. कोकमाच्या बियांचं हे तूप घरोघरी गोळा करून ठेवलेलं असतं, नसेल तर बाजारात मिळतं. एरवी दगडासारखं घट्ट, दिव्यावर जरा धरलं की कडेने पातळ होऊन ओघळायला लागतं. आई तो गोळा दिव्यावर धरून सुटलेला थेंब आधी स्वतःच्या मनगटावर बघायची, मग आमच्या भेगेत सोडायची, तो आत जाऊन तिथेच गोठायचा आणि भेग बुजून जायची. तीन-चार रात्रींत चालताना दुखायचं थांबतं. पण हे टाचेला, बोटांच्या बेचक्यात नाही, तिथे कोरडं राहणं हेच औषध.

चिखल्या झाल्याच तर

शक्य असेल तर दोन-तीन दिवस पाण्यात उतरू नका. मेंदीचा पाला वाटून रात्री बेचक्यात लावायची पद्धत जुनी आहे आणि सुरुवातीला तिने खरंच आराम पडतो, मात्र ताजा पाला, रंगासाठी मिळणारा काळा कोन नव्हे, त्यातल्या केमिकलने कातडी भाजते. फिनेल, रॉकेल, बॅटरीचं पाणी असलं काहीही लावू नका, कुणीही कितीही छातीठोक सांगितलं तरी.

माझं पहिल्या वर्षी काय झालं सांगते. तिसऱ्याच आठवड्यात चिखल्या झाल्या, एका मेडिकलमधून न विचारता एक ट्यूब आणली, दोन दिवसांत खाज गेली, मी खुश. बंद केली की परत, लावली की बरं, असं करता करता महिन्याभरात ते बेचक्यातून पावलावर पसरलं. शेवटी डॉक्टरनी ट्यूब बघितली तर त्यात बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड होतं. स्टेरॉइडने खाज आणि लाली दबते, बुरशी मात्र आत वाढतच राहते. म्हणून ट्यूबवरची नावं वाचा, क्लोबेटासोल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन यातलं काही असेल तर स्वतःच्या मनाने लावू नका. नुसतं क्लोट्रिमाझोल असलेलं साधं मलम वेगळं, तेही बरं वाटलं म्हणून लगेच सोडायचं नाही, डॉक्टर सांगतील तेवढे आठवडे पूर्ण करायचं.

आणि लेप्टो. उंदरांच्या मुतातून हे जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि चिरेतून, जखमेतून, भिजून मऊ झालेल्या कातडीतून अंगात शिरतात. पावसाळ्यात सगळे बोलतात त्याबद्दल, वायंगणात विसरतात, पाणी आणि उंदीर तर तेव्हाही असतातच. शेतात उतरल्यावर महिन्याभरात कधीही जोराचा ताप, पोटऱ्या हात लावू न देण्याइतक्या दुखणं, डोळे लाल असं झालं तर थेट आरोग्य केंद्रात जा आणि मी भातशेतात काम करते हे आपणहून सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका. प्रतिबंधाच्या गोळ्या असतात, पण त्या डॉक्टरना विचारूनच.

मधुमेह असलेल्यांनी वेगळं वाचा

२०२३ साली आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) जो मोठा देशभरचा अभ्यास छापून आला त्यात मधुमेहाचं प्रमाण सर्वात जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. म्हणजे लावणीच्या ओळीत चारजण असतील तर एकाला असणार असं धरून चाला. अशांच्या पायांची जाणीव कमी झालेली असू शकते, काटा लागलेला, शिंपली कापलेली कळत नाही, आणि जखम भरायला वेळ लागतो. त्यांनी अनवाणी उतरूच नये, गरम भिरंडेल लावू नये, बुटात हात घालून खडा नाही ना ते रोज बघावं आणि रात्री तळवे दुसऱ्याकडून तपासून घ्यावेत. माझ्या मावससासऱ्यांच्या तळव्यात चार दिवस काच होती, मोज्याला रक्त दिसलं तेव्हा कळलं.

काजूत जाणाऱ्यांसाठी

शेत नाही, काजूची साफसफाई करायला सकाळी जाता, तर तिथे पाणी नसलं तरी दंव असतं. गुडघाभर गवतातून शंभर पावलं चाललात की कॅनव्हासचे बूट आतपर्यंत ओले. साधा उपाय म्हणजे दंव उडेपर्यंत, नऊ-साडेनऊपर्यंत थांबा. लवकर जायचंच असेल तर गमबूट, आणि इथे एक अडचण आहे. पँट बुटाच्या बाहेर ठेवली तर दंव बाहेरून गळून जातं, आत खोचली तर पँटवरून झिरपून बुटात उतरतं, म्हणून कोरड्या पायाच्या हिशेबाने बाहेर ठेवणं बरं. पण सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण निघालेत, आणि तो पसरवणाऱ्या गोचिडी याच कोरड्या महिन्यांत, डिसेंबरपासून मेपर्यंत जोरात असतात. उघड्या पँटमधून त्या सरळ वर चढतात. तेव्हा रानात जाताना पँट मोज्यात खोचा, वर बूट घाला आणि बुटाच्या काठावर जाड प्लास्टिकची पट्टी गुंडाळून बांधा म्हणजे दंव तिच्यावरून खाली जातं. घरी आल्यावर पाय सुकवताना घोटे, पोटऱ्या, गुडघ्यामागची जागा नीट चाचपून बघा, कपडे लगेच गरम पाण्यात टाका. आणि मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा.

कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत काम असेल तर शेवाळलेल्या पाटावर गुळगुळीत झालेली स्लीपर घालून जाऊ नका, मिठागरात असाल तर काम संपल्यावर गोड्या पाण्याने पाय धुवून मगच तेल, मिठाचा थर राहिला तर भेगा खोल जातात. बाकी सगळं वरचंच.

शिगमोच्या म्हणजे होळीच्या आसपास कापणीसाठी शेतातलं पाणी तोडलं की बूट एकदा साबणाने आतून-बाहेरून धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, आत थोडी पावडर मारून मांगरात (शेतावरच्या खोपीत) उंच दोरीवर उलटे टांगा. जमिनीवर ठेवलेत तर उंदीर काठ कुरतडतात, आणि जूनमध्ये मिरगाला बाहेर काढल्यावर कळतं.